दिवाडीची शिडे

मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्यासमोर, दिवाडी नावाचे बेट आहे. तिकडे जायला फेरीबोट. या बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या बोटकारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' तयार झाली. लाकडी गाभ्यावर फायबरग्लासचे थर चढवलेली ही शिडाची नौका २००९ च्या फेब्रुवारीत नौदलाच्या हाती आली. नावही घरचेच: मांडवीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात.

बेटाला वळसा घालण्याच्या शर्यती युरोपात जुन्या आहेत. स्वीडनच्या गॉटलंड या बेट-प्रांताभोवतीची शर्यत १९३७ पासूनची. ती काही दिवसांत आटोपते. पृथ्वीला घालायचा वळसा मात्र महिन्यांचा, आणि नियमही कडक. निघाल्या बंदरातच परतायचे, विषुववृत्त ओलांडायचे, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे आणि सुएझ-पनामाची जवळची वाट धरायची नाही. मग केप हॉर्नचा खवळलेला दर्या काही चुकत नाही.

पृथ्वीला असा वळसा घालण्याच्या नौदलाच्या 'सागर परिक्रमे'मागची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते राहिले सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीत. फलटणच्या बाणगंगेचे पाणी पूर्वेकडे वाहते. अरबी समुद्राचे वेड तिथे कुठून पिकावे! पण पिकले खरे. नौदल अधिकारी दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी 'म्हादेई'तून मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कुठेही न थांबता जाऊन आले.

पुढे टॉमी खऱ्या शर्यतीत उतरले. १९६८-६९ ची गोल्डन ग्लोब ही जगप्रदक्षिणेची शर्यत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहेली'तून जिंकली होती. २०१८ ची शर्यत त्याच जुन्या रीतीची, सूर्य-तारे पाहून दिशा ठरवण्याची. सुहेलीसारखीच 'तुरिया' दांडेकरांनी बांधून दिली. २१ सप्टेंबरला हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. चालता येईना. फळीवर पडून ते उपग्रहावरून संदेश पाठवत राहिले. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना स्ट्रेचरवरून उचलले. पुढच्या, २०२२ च्या शर्यतीत ते दुसरे आले, पण त्या वेळी नौका दिवाडीची नव्हती.

दांडेकरांचीच 'तारिणी' २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाभोवती फिरवली. २०२४-२५ मध्ये तीच नौका दिलना आणि रूपा या दोघी नौदल अधिकाऱ्यांनी आठ महिन्यांत फिरवून गोव्यात परत आणली.