केळं बदनाम, कोळंबी नामानिराळी

जळगाव आणि सोलापूरच्या पट्ट्यातली जी-नाईन केळी तेरा-तेरा किलोच्या खोक्यांत भरून, शीत कंटेनरमधून न्हावाशेव्याला येतात आणि तिथून समुद्रमार्गे आखातात जातात. इराण, इराक, ओमान, अमिरातींबरोबरच कतारच्या बाजारातही भारतीय केळी इक्वेडोर आणि फिलिपिन्सच्या केळ्यांशेजारी मांडलेली दिसतात. एका मोठ्या कंटेनरमध्ये साधारण २० टन केळी मावतात. त्यांतल्या पोटॅशियमचे सुमारे २२ लाख अणू दर सेकंदाला फुटत असतात आणि प्रत्येक फुटणारा अणू किरण किंवा कण बाहेर टाकत असतो. अणुसामग्रीची चोरटी वाहतूक पकडायला जगातल्या अनेक बंदरांवर किरणमापकांच्या कमानी बसवलेल्या असतात. त्या कमानींना नाहक ओरडायला लावणाऱ्या मालाच्या यादीत सिरॅमिकच्या फरशा, ग्रॅनाइट आणि मांजरांसाठीची शौचमाती यांच्याबरोबर केळ्यांचंही नाव असतं.

एवढं वाचून कुणी मुलाच्या डब्यातलं केळं काढून ठेवू नये. या लेखाचा रोख उलटा आहे. अन्नातल्या किरणोत्साराची चर्चा निघाली की सगळे केळ्याकडे बोट दाखवतात. हिशेब मांडला तर केळं त्या यादीत बरंच खाली जातं.

निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर साडेआठ हजार अणूंमागे एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्याचा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षांचा. म्हणजे पृथ्वी घडताना आलेला हा साठा अजून संपलेला नाही. पोटॅशियम किरणोत्सारी आहे हे केंब्रिजच्या नॉर्मन कॅम्पबेल आणि अलेक्झांडर वुड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच दाखवून दिलं होतं. या समस्थानिकाच्या दर दहा अणूंपैकी जवळपास नऊ अणूंचं कॅल्शियम होतं आणि उरलेल्या एकाचं आरगॉन. आपल्या हवेत जवळजवळ एक टक्का आरगॉन आहे, तो बहुतेक सगळा खडकांतल्या पोटॅशियमच्या अशाच विघटनातून कोट्यवधी वर्षांत साठत आलेला आहे.

एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणूंचं विघटन होतं. सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेक्रेल. मध्यम आकाराच्या केळ्यात पोटॅशियम असतं अर्ध्या ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणून एका केळ्याचा किरणोत्सार भरतो १३ ते १५ बेक्रेल. हा आकडा कळला की बाकीचा किराणाही मोजता येतो. कतारमध्ये, दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात उन्हाळ्यात स्थानिक खजुरांचा महोत्सव भरतो, खलास, खनेझी, बर्ही, शिशी अशा जाती तिथे ढिगांनी विकायला येतात. वाळलेल्या खजुरात वजनामागे केळ्याच्या जवळपास दुप्पट पोटॅशियम असतं, म्हणजे शंभर ग्रॅमला वीसेक बेक्रेल. मनुका त्याच्याही थोड्या वर आणि जर्दाळू त्याहून पुढे. एक लिटर दूध पंचेचाळीस-पन्नास बेक्रेलचं. आणि मराठी घरात, मग ते दोह्यातलं असो की डोंबिवलीतलं, रोज शिजणारी तुरीची डाळ? कच्च्या डाळीच्या किलोमागे चारशेहून अधिक बेक्रेल, वजनामागे केळ्याच्या जवळपास चौपट. वरण-भाताला आजवर कुणी किरणोत्सारी म्हटलेलं नाही, ही वरणाची पुण्याई.

खरं तर केळं हा किरणोत्सार आणतं शेतातूनच. केळी हे पोटॅशला हावरं पीक. जळगावचा शेतकरी ठिबकमधून पांढरं पोटॅश सोडतो, ते बाजारात म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणून मिळतं. त्याच्या पन्नास किलोच्या एका गोणीत पंचवीसेक किलो शुद्ध पोटॅशियम असतं. म्हणजे सेकंदाला पावणेआठ लाख विघटनं! ती गोणी खांद्यावरून वाहून नेणाऱ्याला, गोदामात तिच्यावर बसून चहा पिणाऱ्याला काही होत नाही, कारण एवढी विघटनं होऊनही शरीराला मिळणारी मात्रा नगण्य असते.

इथे बेक्रेल आणि सीव्हर्ट यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. बेक्रेल सांगतं किती अणू फुटले. त्यांनी शरीराला किती इजा पोचू शकते, हे सीव्हर्ट सांगतं. एका केळ्याची मात्रा निघते सुमारे ०.१ मायक्रोसीव्हर्ट. याच आकड्यावरून 'केळी-तुल्य मात्रा' हे लोकप्रिय माप तयार झालं. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले गॅरी मॅन्सफिल्ड यांनी ते १९९५ मध्ये सुचवलं. सामान्य माणसाला किरणोत्साराचा अंदाज यावा हा हेतू चांगला होता. उदाहरणार्थ, मुंबई-दोहा विमानप्रवासात वैश्विक किरणांमुळे साधारण पाच ते दहा मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळते, म्हणजे पन्नास ते शंभर केळी.

पण या मापात एक गोम आहे. शरीर पोटॅशियम साठवत बसत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात ते साधारण १४० ग्रॅम असतं आणि मूत्रपिंडं ते कसोशीने तेवढंच ठेवतात. दुपारी दोन केळी जास्त खाल्ली तर तेवढं पोटॅशियम काही तासांत लघवीवाटे बाहेर पडू लागतं. म्हणून केळी खाऊन शरीरातला किरणोत्सार वाढत जात नाही. तो आधीच असतो: १४० ग्रॅमचे ४,३०० बेक्रेल. त्यात कार्बन-१४ची भर घातली तर माणूस स्वतःच सात-आठ हजार बेक्रेलचा ऐवज ठरतो. शरीरातल्या पोटॅशियमची वर्षाची मात्रा सुमारे १७० मायक्रोसीव्हर्ट. ती केळं आवडणाऱ्याला आणि केळ्याला शिवतही नसणाऱ्याला जवळपास सारखीच मिळते.

मग अन्नातून खरी जास्तीची मात्रा देतं कोण? त्यासाठी ताटात मासे वाढायला हवेत.

समुद्रात युरेनियमच्या विघटन-साखळीतून पोलोनियम-२१० तयार होतं. प्लवक ते शोषतात, प्लवक खाणारे मासे, कोळंबी, शिंपले ते आपल्या अंगात गोळा करतात. जगभरच्या मोजमापांवरून किलोमागे माशांत सरासरी दोन-अडीच, कोळंबी-खेकड्यांत सहा आणि शिंपल्यांत पंधराच्या आसपास बेक्रेल पोलोनियम धरलं जातं. आकडे केळ्यापेक्षा लहान दिसतात. पण पोलोनियम सोडतं अल्फा कण, आणि पोटात गेलेल्या एका बेक्रेलमागे त्याची मात्रा पोटॅशियम-४०च्या सुमारे १९० पट असते. शिवाय पोटॅशियमसारखी त्याची पातळी शरीर बांधून ठेवत नाही, जेवढं खाल तेवढी भर पडते. या सरासरीने दोनशे ग्रॅम कोळंबीची मात्रा सुमारे दीड मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे पंधरा केळी! आखाती किनाऱ्यावरची हामूर आणि कोळंबी असो की मालवणचा बांगडा, समुद्राचा हा नियम सगळीकडे सारखाच. पोलोनियमचा बराचसा भाग प्राण्याच्या पचनसंस्थेत असतो, त्यामुळे कोळंबीचं डोकं आणि काळा धागा काढण्याची आपल्याकडची रीत इथेही उपयोगी पडते. त्याचा अर्धायुष्यकाल फक्त १३८ दिवस असल्याने फ्रीझरमध्ये पाच महिने राहिलेल्या माशात ते निम्म्याहून कमी उरतं.

ही मात्राही घाबरण्यासारखी नाही. जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळते. त्यात अन्न-पाण्याचा वाटा फक्त ०.२९ मिलिसीव्हर्ट. निम्म्याहून अधिक वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन वायूचा. मासळीवर जगणाऱ्या जपानमध्ये अन्नातून मिळणारी मात्रा वर्षाला एक मिलिसीव्हर्टच्या घरात जाते, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. आणि आयुर्मानाच्या जागतिक यादीत जपान कायम वरच्या ओळीत असतो.

आपली केळी जिथे जातात त्या कतारचं ताट तर बहुतांशी बाहेरूनच भरतं. तांदूळ भारत-पाकिस्तानचा, डाळी आणि मसाले भारताचे, फळं चार खंडांतली. नळाचं पाणी समुद्राचं, निर्क्षारीकरण करून आलेलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात पोटॅशियम-४०चे बारा बेक्रेल आणि तीनेक मायक्रोग्रॅम युरेनियम असतं. मीठ काढताना हे दोन्ही जवळजवळ सगळं मागे राहतं, म्हणून किरणोत्साराच्या दृष्टीने दोह्याच्या नळाचं पाणी अनेक देशांतल्या खोल विहिरींपेक्षा स्वच्छ म्हणावं लागेल.

तिथल्या जमिनीचंही मोजमाप झालेलं आहे. हुदा अल-सुलैती या संशोधिकेने ब्रिटनच्या सरे विद्यापीठात काम करताना देशभरातून मातीचे शंभराहून अधिक नमुने गोळा करून कतारचा किरणोत्सार-नकाशा तयार केला. रेडियमची पातळी बहुतेक ठिकाणी जागतिक सरासरीहून, म्हणजे किलोमागे ३५ बेक्रेलहून कमी निघाली. अपवाद एकच, पश्चिम किनाऱ्यावरचं दुखान तेलक्षेत्र. तिथे एका जागी आकडा दोनशेच्या वर गेला. कारण भूगर्भात आहे. तेलाबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यात रेडियम विरघळलेलं असतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बेरियमचं सख्खं भावंड, त्यामुळे नळ्यांत बेरियम सल्फेटची खपली धरते तेव्हा रेडियमही तिच्यात जाऊन बसतं. तेल उद्योगात हा कचरा वेगळा हाताळावा लागतो. गंमत म्हणजे सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणाऱ्या ब्राझील नटमध्ये हेच घडतं. ते झाड मुळांनी बेरियम ओढतं आणि रेडियमही आत शिरतं. खाण्याच्या जिनसांत ब्राझील नट रेडियमच्या बाबतीत सर्वांत वर असतो, तो यामुळेच.

केवळ 'किरणोत्सार आहे' एवढ्यावर निकाल देता येत नाही, हा धडा मुंबईने न्यायालयात घेतला होता. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि त्यानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यावरून वाद पेटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि मर्यादेच्या आतला किरणोत्सार असलेलं अन्न सुरक्षित आहे, हा तिचा निष्कर्ष १९८८ मध्ये मान्य केला. चिंता चुकीची नव्हती. अपघातातून आलेल्या सीझियमला मर्यादा हवीच, आणि आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत ती किलोमागे १,००० बेक्रेल अशी आहे. पोटॅशियम-४०ला मात्र कुठलीच मर्यादा नाही, कारण ते काढून टाकायचं तर पोटॅशियमच काढावं लागेल आणि पोटॅशियमशिवाय हृदय चालत नाही.

तेव्हा किरणोत्साराची बातमी वाचली की तीन प्रश्न विचारावेत: कोणतं मूलद्रव्य, किती बेक्रेल आणि शरीरात ते किती काळ राहतं. केळ्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरं दिलासा देणारी आहेत. केळं जपून खायची गरज असते ती फक्त मूत्रपिंडं नीट काम करत नसलेल्यांना. 'कमी सोडियम'चं म्हणून विकलं जाणारं पोटॅशियमयुक्त मीठही त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावं. पण तिथे धोका किरणांचा नसतो, रक्तात साचलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडण्याचा असतो. बाकीच्यांनी केळी, खजूर, वरण आणि कोळंबी बिनघोर खावी.