नभोनाट्यातून ऑस्करपर्यंत : रॉबर्ट बोल्ट यांची वाटचाल

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘डॉक्टर झिवागो’ या चित्रपटांचा उल्लेख झाला की दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचे नाव प्रथम आठवते. या चित्रपटांचे पटकथाकार रॉबर्ट बोल्ट यांची लेखणी मात्र आधी घडली ती बीबीसीच्या नभोवाणीवर.

१९२४ मध्ये मँचेस्टरजवळील सेल येथे एका दुकानदाराच्या घरी जन्मलेले बोल्ट व्यवसायाने शिक्षक होते. अध्यापन करतानाच त्यांनी नभोनाट्ये लिहिली. १९५४ मध्ये प्रसारित झालेले ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ हे त्यांपैकीच एक. राजा आठवा हेन्री याला धर्मसंस्थेचा प्रमुख मानण्याची शपथ नाकारणारे आणि त्यासाठी १५३५ मध्ये शिरच्छेद पत्करणारे सर थॉमस मोर हे त्याचे नायक. नभोवाणीवर नेपथ्य किंवा वेशभूषा दिसत नसल्याने मोर यांचा सारा संघर्ष शब्दांतूनच उभा करावा लागला.

हाच विषय १९५७ मध्ये दूरचित्रवाणीवर व १९६० मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आला. रंगमंचावर नोकर, नावाडी, तुरुंगरक्षक अशा भूमिका बदलत कथा सांगणारा ‘कॉमन मॅन’ हा सूत्रधार होता. १९६६ च्या चित्रपटात कॅमेराच प्रसंग दाखवू शकत असल्याने हे पात्र गाळण्यात आले. माध्यमाप्रमाणे मांडणी बदलण्याचे हे भान बोल्ट यांचे मोठे सामर्थ्य होते.

मोर यांच्यापुढचा पेच बोल्ट यांच्याही वाट्याला आला. अण्वस्त्रविरोधी आंदोलनातील सहभागामुळे सप्टेंबर १९६१ मध्ये त्यांना कारावास झाला. त्याच महिन्यात तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनाही तुरुंगात जावे लागले होते. इकडे ‘लॉरेन्स’चे काम सुरू होते आणि पटकथा अपुरी होती. निर्माते सॅम स्पीगल यांच्या आग्रहावरून बोल्ट यांनी सद्वर्तनाच्या हमीपत्रावर स्वाक्षरी केली व शिक्षा पूर्ण होण्याआधीच ते बाहेर पडले. स्वाक्षरी नाकारणाऱ्या माणसाची कथा लिहिणाऱ्या या लेखकाला आपल्या स्वाक्षरीची खंत पुढे सतत राहिली.

व्यावसायिक यश मात्र वाढत गेले. ‘डॉक्टर झिवागो’ (१९६५) आणि ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) या लागोपाठच्या चित्रपटांसाठी त्यांना रूपांतरित पटकथेचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह एकूण सहा ऑस्कर पटकावले.

१९७९ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या वाणीवर व हालचालींवर मर्यादा आल्या. तरीही त्यांचे लेखन थांबले नाही. त्यांच्या पटकथेवरील ‘द मिशन’ला १९८६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च ‘पाम दोर’ सन्मान मिळाला. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी सत्तेची आज्ञा झुगारणारे जेझुइट धर्मगुरू हा त्याचा विषय होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये बोल्ट यांचे निधन झाले.