गोळी सोडू नका

आमच्या गल्लीत एक आबा राहतात. दोन एकर जिराईत आणि एक बैलजोडी, एवढाच त्यांचा संसार. काही वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत आबांना बरे वाटू लागले आणि गोळ्या बंद झाल्या.

आम्ही विचारले, "आबा, गोळ्या का सोडल्या?"

आबा म्हणाले, "गुरुजी, आता काय बी दुखत न्हाई. आन् दर महिन्याला पैकं कुठनं आणू?"

पुढे आबांच्या पायात काटा मोडला. त्यांना तो कळलाच नाही, कारण पाय बधिर झाले होते. जखम चिघळली. एक बोट कापावे लागले. दवाखान्याच्या खेपा आणि बुडालेली मजुरी यांत एक बैल गेला. गोळीचे पैसे वाचवले, आणि बैल गमावला!

असे का होते? आपण खातो त्या अन्नाची साखर होते. ती रक्तातून अंगभर फिरते. पोटात स्वादुपिंड नावाचे इंद्रिय आहे. त्यातून इन्शुलिन नावाचा रस निघतो. हा रस रक्तातली साखर अंगात मुरवतो. पाटाला पाणी आहे, पण वाफ्याचे दार उघडत नाही, तर काय होते? पीक सुकते आणि पाट फुटतो. मधुमेहात तसेच होते. रस कमी पडतो किंवा लागू होत नाही. साखर रक्तातच साचते. मग डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय हळूहळू बिघडतात. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस फसतो.

आता पैशाचे बघू. आयुष्मान कार्ड असेल, तर दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च भागतो. रोजच्या गोळीचा खर्च त्यात येत नाही. म्हणून सरकारी दवाखान्याची वाट धरा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. वय ३० च्या पुढे गेले की उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. उपाशीपोटी साखर दोन वेळा १२६ किंवा जास्त भरली, तर मधुमेह समजतात. केंद्रात गोळी संपली असेल, तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा. जनऔषधी दुकानात तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळते.

काही गोष्टींना पैसा लागत नाही. रोज चाला. साखरेचा चहा सोडा. गूळ चालतो असे लोक म्हणतात, ते खरे नाही. भाकरी खा, पण मोजून. तंबाखू, विडी टाका. रात्री पाय धुऊन पुसा आणि तळवे पाहा. स्वतःला दिसत नसेल, तर घरच्यांना पाहायला सांगा. अनवाणी फिरू नका. वर्षातून एकदा डोळे तपासा.

गोळी घेऊन उपाशी राहू नका. घाम फुटला, हातपाय कापू लागले, तर साखर कमी झाली असे समजा. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या.

कारल्याचा रस प्यायचा तर प्या, पण त्यासाठी गोळी सोडू नका.

आबा आता दर महिन्याला केंद्रात जातात. येताना शेजाऱ्यांनाही बरोबर नेतात. म्हणतात, "माझं बोट गेलं, तुमचं तरी राहू द्या."