ओझं कोणाच्या डोक्यावर?

मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याला गाड्यांची रीघ लागते, धरणाकाठचे तंबू भरून जातात. समजा, अशाच एका रात्री तिथं एका मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. उजाडायच्या आत बातमी शेंडी, राजूर, अकोले करत पुण्या-मुंबईच्या मोबाइलवर पोचेल आणि निकालही लागून जाईल. एक म्हणेल, ‘त्याला भरचौकात फासावर लटकवा.’ दुसरा म्हणेल, ‘एवढ्या रात्री ही तिथं गेलीच कशाला?’ पुरावा दोघांनीही पाहिलेला नसेल.

कायद्याची वाट मात्र वेगळीच आहे. तक्रार राजूर पोलीस ठाण्याच्या हद्दीतली. पण मुलगी पुण्याला परतली असेल तर तिथल्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ नोंदवावाच लागतो, हद्द दाखवून तिला परत पाठवता येत नाही. माहिती मिळाल्यापासून २४ तासांत, तिच्या संमतीनं, वैद्यकीय तपासणीसाठी पाठवायचं. जबाब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, शक्यतो महिलेसमोर. नाव छापणं गुन्हा. सुनावणी बंद दाराआड. आणि त्या दाराआड आरोपी आत येतो तो निर्दोष म्हणून.

इथं पुष्कळांना ठेच लागते. तो निर्दोष धरला, म्हणजे ती खोटी धरली का? मुळीच नाही, आणि मला या नियमाचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते इथंच. खटला ‘ती विरुद्ध तो’ असा नसतोच. तो ‘शासन विरुद्ध तो’ असा असतो. ती साक्षीदार असते. निर्दोषत्वाचं गृहीतक तिच्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. सिद्ध करण्याचं ओझं शासनाच्या डोक्यावर, एवढंच ते सांगतं. हे ओझं उचलायला तिची एकटीची साक्ष पुरेशी ठरू शकते. नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली हे स्पष्ट केलं: पीडितेची साक्ष जखमी साक्षीदाराइतकीच मोलाची आहे, ती विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या दुजोऱ्याचा हट्ट धरू नये. उच्च न्यायालयानं सोडलेल्या त्या उपनिरीक्षकाला दोषी ठरवण्यात आलं. म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवणं आणि त्याला निर्दोष धरून सुरुवात करणं, दोन्ही एकाच न्यायासनावर शेजारी शेजारी बसतात.

पण न्यायालयाचा विश्वास कुठल्या कसोटीवर बसतो, हा प्रश्न उरतोच. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नसावा, असा तो तर्क होता. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एका गरीब मुलीनं विरोध करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली न्यायालयाला उघड पत्र लिहून हेच विचारलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला.

बदल किती बेतून केला होता, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि आपली संमती नव्हती असं बाईनं न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच धरायचं. संबंध झाला हे मात्र शासनानंच सिद्ध करायचं. ओझ्यातला एकच धोंडा उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवला. बाकीचं ओझं जिथल्या तिथं. लोकमतानं केलेलं एवढं नेमकं काम मला दुसरं आठवत नाही. त्याच दुरुस्तीनं पीडितेचं नाव छापायलाही बंदी आली. त्या मुलीचं नाव तोवर कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसलं होतं. मी ते इथं लिहिलेलं नाही.

ओझं नीट न तोलता आरोपीवर टाकलं तर काय होतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलंय. जून २००३ मध्ये झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयानं, न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठानं, सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून सुरुवातीलाच वेगळेच चौघे ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. तिनं त्यांना ओळखल्याचा कागद मात्र फायलीत होता. सहापैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर निघालं.

त्या कुटुंबाचं काय, हा विचार मला सोडत नाही. सोळा वर्षं चुकीची माणसं तुरुंगात होती, म्हणजे सोळा वर्षं त्या बाईलाही न्याय मिळत नव्हता. न्यायालयानं प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि कसूर करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. १८७१ च्या ज्या कायद्यानं अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली गेला. संशय अजून गेलेला नाही. गरीब, भटक्या लोकांना खोटं गुंतवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्या निकालातच म्हटलं आहे.

तुमच्या ओळखीत कुणावर अशी वेळ आली, तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि कोठडीतल्या आरोपीलाही. क्रमांक दोघांसाठी एकच आहे.