आखातातील नोकरी सांभाळून ‘एच.आर.’ची पदवी : फी भरण्यापूर्वी हे पाहा

आखाती देशांत टाइमकीपर, स्टोअरकीपर किंवा कॅम्पबॉस म्हणून काम करणारे आपले अनेक तरुण आमच्याकडे सध्या एकच विचारणा करीत आहेत. नोकरी न सोडता, मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर अभ्यास करून आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापनाची, म्हणजे ‘एच.आर.’ची पदवी घ्यावी काय? फी दीड-दोन वर्षांच्या बचतीतून जाणार, म्हणून प्रश्न किरकोळ नाही. आमचे उत्तर असे की, आधी देश पाहा, मग विद्यापीठ.

सौदी अरबस्तानात एच.आर. मॅनेजर, पर्सोनेल क्लार्क, भरती क्लार्क ही पदे सौदी नागरिकांसाठी राखीव आहेत. टाइमकीपरचे पदही त्याच यादीत येते. 2011 साली सुरू झालेल्या ‘निताकात’ पद्धतीने स्थानिकांच्या भरतीचा रेटा वाढला. अशा ठिकाणी पदवी कितीही चांगली असली तरी इकाम्यावरचा हुद्दा तिच्यामुळे बदलणार नाही. हे एजंट सांगत नाहीत, कॉलेजचे जाहिरातदार तर मुळीच नाही. दुबई, शारजा किंवा दोह्यातील खाजगी कंपन्यांत मात्र परदेशी माणसाला या खात्यात वाव आहे. मुंबईत मजूर भरती करणाऱ्या परवानाधारक कार्यालयांनाही दोन्हीकडचे कायदे जाणणारा माणूस हवा असतो.

या विषयात शिकवतात तरी काय? हॉवर्ड पर्लमटर यांनी 1969 साली कंपन्यांचे प्रकार पाडले : काही कंपन्या परदेशातील शाखेवर आपल्याच देशाचा साहेब बसवतात, काही स्थानिक माणसाच्या हाती कारभार देतात, आणि काही देश न पाहता लायक माणूस निवडतात. पुस्तकात हे अवघड वाटते, पण ज्याने एकाच साइटवर युरोपियन इंजिनियर, मिसरी फोरमन आणि बिहारी सुतार यांच्यात निरोप्याचे काम केले आहे, त्याला हा धडा अर्धा पाठच असतो. म्हणूनच काम करीत शिकणाऱ्याला हा विषय कॉलेजातल्या पोरापेक्षा लवकर उमगतो, असे आमचे मत आहे.

खरा उपयोग हिशेबात दिसतो. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. त्यानुसार पहिल्या 5 वर्षांना दरवर्षी 21 दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचा मूळ पगार सेवासमाप्तीची रक्कम म्हणून मिळतो. मूळ पगार 1,500 दिरहम आणि नोकरी 7 वर्षे धरा. दिवसाला 50 दिरहम. पाच वर्षांचे 105 दिवस म्हणजे 5,250 आणि दोन वर्षांचे 60 दिवस म्हणजे 3,000, एकूण 8,250. आता हाच माणूस भत्त्यांसह 2,500 घेत असेल तर तो 13,750 मिळतील या भरवशावर मुलीच्या निकाहची तारीख धरतो आणि फसतो. करारात मूळ पगार किती लिहिला आहे हे सही करतानाच समजावून सांगणारा माणूस कॅम्पात असता, तर ही निराशा टळली असती. सौदीत पद्धत निराळी : पहिल्या 5 वर्षांना अर्धा महिना, पुढे पूर्ण महिना. परंतु स्वतः राजीनामा दिल्यास 2 वर्षांच्या आत काहीच नाही, 5 वर्षांपर्यंत एक-तृतीयांश, 10 वर्षांपर्यंत दोन-तृतीयांश.

मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती हिशेबाच्या वहीत उतरवणे हे या खात्याचे काम, मग कारखाना दुबईचा असो की भिवंडीचा. आपल्या कारखानदारांनीही हे मनावर घ्यावे. परदेशी गिऱ्हाईक माल घेण्यापूर्वी हजेरीपट आणि ओव्हरटाइमचे कागद मागतो, तेव्हा घरच्या मुलाला ते ठेवता आले तर बाहेरचा सल्लागार लागत नाही.

आता विद्यापीठाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 साली दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे नियम केले. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असे आयोगाने 2022 मध्ये स्पष्टही केले. मान्यता विद्यापीठापुरती नसून त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्राला असते, म्हणून आयोगाच्या यादीत अभ्यासक्रमाचे नाव स्वतः पाहावे. परदेशी विद्यापीठाची पदवी इथल्या खाजगी कंपनीमार्फत घरबसल्या देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये दिला होता. 1985 साली स्थापन झालेल्या इग्नूत मनुष्यबळ व्यवस्थापनाचे एमबीए आहे. ज्याच्याकडे पदवीच नाही त्याने एमबीएच्या मागे न धावता, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून आधी बी.कॉम. करावे. फी भरण्यापूर्वी आपल्या कंपनीला लेखी विचारावे, की ऑनलाइन पदवी बढतीसाठी धरणार काय? आणि तिच्यावर कोणकोणते शिक्के लागतील?

वेळेचेही गणित आहे. भारतात रात्री 8 चा वर्ग म्हणजे दुबईत साडेसहा आणि दोह्यात साडेपाच. साइटवरून बस परतण्याचीच ही वेळ. त्यातून दोह्यात रविवार कामाचा दिवस, आणि आपल्याकडचे वर्ग बरेचदा रविवारीच. तेव्हा वर्गाची ध्वनिचित्रफीत नंतर पाहता येते काय हे विचारून घ्यावे. परीक्षा कॅमेऱ्यासमोर असेल तर खोलीत दुसरा माणूस चालत नाही, आणि कॅम्पच्या खोलीत सहाजण झोपतात. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने यावर तोड काढली. शारजातील एका गाववाल्या दर्जीच्या दुकानाची मागची खोली त्याने परीक्षेच्या दिवसांपुरती मागून घेतली. दर्जीने मशिनी तीन तास बंद ठेवल्या, आणि त्या तीन तासांचे पैसे घ्यायला तो अजून तयार नाही.