तुरटी, वीज आणि ढवळणारा हात



पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आपण गुंडात तुरटी फिरवतो. सकाळी पाणी नितळ होतं. हे आईनं शिकवलं, पण गाळ खाली का बसतो हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. ती पाळी गटाच्या रंगकामामुळे आली.

आमच्या गटानं सुती ओढण्या रंगवायचं काम घेतलं. उरलेलं लाल-निळं पाणी मागच्या नाल्यात जायचं. एक दिवस शेजारच्या काकू दारात आल्या. म्हणाल्या, "माझी म्हैस नाल्याच्या पाण्याला तोंड लावत नाही. काय सोडता बाई तुम्ही त्यात?" आम्ही माना खाली घातल्या. काम बंद करावं तर बायांची मजुरी जाते. मग त्या पाण्यात तुरटी टाकून अर्धा तास जोरात ढवळलं. गाळ बसेना. आणखी टाकली, तर पाणी उलट दुधाळ झालं. शेवटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी आमची चूक दाखवली.

पाण्यातला मातीचा बारीक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. सुती कापडाच्या बऱ्याच रंगांवरही तोच. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण जवळ येत नाहीत आणि तरंगत राहतात. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमवर धन भार असतो. तो कणांचा भार मोडतो, मग कण चिकटून गुठळ्या होतात. तुरटी जास्त झाली तर कणांवर धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. आमचं पाणी दुधाळ झालं ते असं.

दुसरी चूक ढवळण्याची. पहिला एक मिनिट जोरात ढवळायचं, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते. मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. ताकात लोणी दिसू लागलं की आपण रवीचा जोर कमी करतो ना, तसंच. जोर केला तर जमलेल्या गुठळ्या फुटतात.

काही कारखान्यांत हेच काम विजेनं करतात. पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या ठेवून बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह सोडतात. धन टोकाची पट्टी हळूहळू विरघळते आणि तिचा धातू तुरटीचं काम करतो. दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, ते थोडा गाळ वर उचलतात. 1889 साली लंडनमध्ये सांडपाण्यासाठी असा प्रयोग झाला होता. इथंही पाणी हलतं ठेवावं लागतं. नाहीतर धातू पट्टीपाशीच साचतो, पट्टीवर थर बसतो आणि विजेचं बिल वाढतं. मैत्रिणींनो, हे घरी करून पाहू नका. शॉक लागतो आणि हायड्रोजन पेट घेतो.

तुरटी असो की वीज, पाण्यात विरघळलेलं मीठ निघत नाही. रंग पक्का करायला आपण मीठ टाकतो, ते तसंच राहतं. आपल्या तालुक्यातलं पाणी मोर्णेतून अकोल्याला आणि पुढे पूर्णेला जातं. तिकडचा खारपाण पट्टा आधीच मिठानं त्रासलेला. काही रंगही पूर्ण निघत नाहीत. आणि पिण्याचं पाणी नितळ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात. ते उकळूनच प्यावं.

आता आम्ही आधी पाच बाटल्यांत सारखंच रंगाचं पाणी घेतो. तुरटीचं पाणी एकीत एक चमचा, दुसरीत दोन, असं वाढवत टाकतो. जिच्यात गाळ लवकर बसतो, त्या मापानं टाकी भरतो. रंग आणि मीठ मोजून वापरतो. वरचं पाणी पुढच्या धुण्याला घेतो. गाळ शेतात किंवा उकिरड्यावर टाकत नाही. वाळवून पोत्यात बांधून ठेवतो. त्याची विल्हेवाट कशी लावायची, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारायचं ठरवलं आहे.

नाल्यात रंग सोडणं आम्ही थांबवलं. काकूंना टाकी दाखवायला बोलावलं, तर त्याच म्हणाल्या, "हळू ढवळा पोरींनो, हळू!"

तुमच्या गटात रंगकाम असेल, तर या आठवड्यात पाच बाटल्या भरून बघा.