तीन पाळ्यांचे घर

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत. एक आठवडा पहिली पाळी, पुढचा दुसरी, मग रात्रपाळी. चौथ्या आठवड्याला पुन्हा पहिली. दोन खोल्यांच्या घरात आम्हा भावंडांना हे चक्र पाढ्यासारखे पाठ होते. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा रेडिओ बंद आणि बोलणे कुजबुजत.

पुढे बँकेत आकड्यांशी जन्माची गाठ पडली. कॅल्क्युलेटरशी खेळायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. या खोडीचे आपल्याकडचे आद्य गुरू म्हणजे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. कोणत्याही दोन वेगळ्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, तीतून लहानात लहान वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. ४१ घेतले तर २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७! पाच घरांचे चक्र. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या ६१७४ वर येऊन थांबतात, हे त्यांनीच शोधले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्यावर लिहिले आणि मास्तर जगाला माहीत झाले.

त्याच १९७५ साली अमेरिकेत ली आणि यॉर्क या गणितज्ञांचा एक छोटा लेख आला. त्याचा मथितार्थ असा की, एखाद्या क्रियेत तीन घरांचे चक्र सापडले, तर दोन, चार, पाच, शंभर अशी हवी तेवढ्या घरांची चक्रेही तीत असतातच. शिवाय कोणत्याच चक्रात न बसणाऱ्या असंख्य संख्याही. युक्रेनच्या शार्कोव्हस्की यांनी तर १९६४ मध्येच चक्रांची उतरंड लावून ठेवली होती. सर्वांत वर ३, मग ५, ७, ९. त्यानंतर विषमांच्या दुपटी, चौपटी. आणि अगदी तळाशी ८, ४, २, १. वरचे चक्र आले की खालची सगळी आलीच.

हे खरे कसे? घरीच करून पाहा. शून्य आणि एक यांमधली एखादी संख्या घ्या, समजा ०.४. ती एकातून वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला ३.८३ ने गुणा. उत्तरावर पुन्हा तेच. बऱ्याच फेऱ्यांनंतर ०.१५६, ०.५०५, ०.९५७ या तीनच संख्या फिरत राहतात. आता पाहा, ०.५०५ वर सरकते, ०.९५७ खाली येते. मग त्या दोहोंच्या मध्ये न वर न खाली सरकणारी एक संख्या असलीच पाहिजे. ती आहे ०.७३९ च्या आसपास. पण कॅल्क्युलेटरवर ती टिकत नाही. दशांशातली बारीकशी चूक दर फेरीला सुमारे १.८३ पट होते आणि आपण पुन्हा तिनाच्या चक्रात. ती असते, दिसत मात्र नाही.

अट एकच: क्रिया अखंड हवी, मध्ये उडी नको. कापरेकरांच्या पूर्णांकांच्या खेळात अधल्यामधल्या संख्याच नाहीत. म्हणून तिथे पाचाचे चक्र एकटे राहू शकते. त्याच्या सोबतीला दोनाचे चक्रही येत नाही.

घराला प्रमेय लागू होत नाही, हे मला कळते. तरी ते ०.७३९ सापडले त्या रात्री झोप लागली नाही. वडिलांच्या पाळ्या आम्हाला पाठ होत्या. पहिल्या पाळीला पहाटे चारचा डबा, दुसऱ्या पाळीनंतर मध्यरात्रीचे गरम जेवण, रात्रपाळीनंतर सकाळचा चहा; आणि आमच्या शाळा वेगळ्याच. त्या तीन आठवड्यांत आई केव्हा झोपत असे?

आम्ही पाच जण त्या घरात होतो. एकानेही तिला ते कधी विचारले नाही.